क्लेमच्या ओळखीचा हात

लेलंड हॉगनचा उजवा हात थरथरायला लागला त्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको आर्लिस. आर्लिसनं तोंडानं कधी काही विचारलं नाही. ती फक्त त्याचा कॉफीचा कप अर्धाच भरायला लागली. लेलंडनंही "अर्धाच का?" म्हणून विचारलं नाही. हॅल्व्हर गावच्या या लुथरन पंथाच्या मंडळींची तऱ्हाच तशी. घराला आग लागली तरी आधी पावसापाण्याचं बोलून घेतील आणि मग हळूच म्हणतील, थोडा धूर येतोय का?

लेलंड विमान उडवायला शिकवायचा. तरुणपणी गव्हावर आणि बिटावर औषध फवारत हिंडला, जमिनीपासून हातभर उंचीवरून. मग लग्न झालं, आर्लिसनं डोळे वटारले आणि तो शिकवायला लागला. डकोटाच्या या सपाट मुलखात आज जे कोणी विमान उडवतात, त्यातले निम्मे त्याच्या हाताखालून गेलेले. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला एकच सांगायचा, "हात कापतायत? कापू देत. सुरुवातीला सगळ्यांचेच कापतात. सराव कर, वर्षभरात थांबतील." आणि कुणी विमान वळवायचं चाक घट्ट धरलं की म्हणायचा, "सैल धर, सैल. गाईचं आचळ नाही ते. दाबून दूध निघणार नाही."

त्याच्याकडचा आणखी एक नियम फार कडक होता. विमानात दोघांसमोर दोन चाकं, एकमेकांना जोडलेली, म्हणून एका वेळी विमान एकाचंच. ज्याला घ्यायचंय त्यानं म्हणायचं, "विमान माझं." दुसऱ्यानं म्हणायचं, "विमान तुमचं," आणि दोन्ही हात कानाशी वर न्यायचे. परत 'तुझं' असा शब्द मिळेपर्यंत चाकाला बोट लावायचं नाही. लेलंडचे विद्यार्थी घरी जेवणाच्या टेबलावर गरम भांडं देता-घेतानासुद्धा 'माझं', 'तुझं' करतात म्हणून गावात चेष्टा व्हायची.

विमानातून उतरला की त्याचा मुक्काम घराच्या तळघरात. तिथं त्याचा दूरदूरच्या माणसांशी बोलायचा रेडिओ आणि संगणक. पहिला संगणक तर त्यानं सुटे भाग मागवून, स्वतः डाग देऊन जोडला होता, आणि त्याचा उपयोग काय, या आर्लिसच्या प्रश्नाला त्याच्याकडे आजतागायत उत्तर नव्हतं. "माझी सवत खाली आहे, तिला आवाज द्या," असं ती फोनवर लोकांना सांगायची.

रविवार सोडून रोज सकाळी, न्याहारीच्या आधी, लेलंड तळघरात जाऊन क्लेमशी बोलायचा. क्लेम मोंटानातला, रेल्वेत तारमास्तर होता, आता निवृत्त. पंचवीसेक वर्षांची ही दोस्ती, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. बोलणं सगळं मोर्सच्या कडकट्टात, तारयंत्राच्या पितळी कळीवर बोटं आपटून. क्लेमचे कान माणसांच्या बोलण्याला केव्हाच निकामी झाले होते. फोनवर त्याला नुसती लापशी ऐकू यायची. पण रेडिओतली ती बारीक शीळ मात्र तो अजून टिपत होता.

आणि टिपत होता म्हणजे कसा! जुन्या तारवाल्यांना माणूस हातावरून कळतो. कुणाचा लांब सूर किती लांब, दोन अक्षरांमध्ये कोण किती दम खातो, यावरून ते सही ओळखावी तसा माणूस ओळखतात. लेलंडचा लांब सूर शेवटी जरासा रेंगाळायचा, आणि स्वतःचं नाव पाठवण्याआधी तो नेहमी थोडा थांबायचा. क्लेम म्हणायचा, "म्हाताऱ्या, तू कळीवर नुसता कोपर टेकलास तरी मी ओळखीन."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी क्लेमनं विचारलं, "हातमोजा घालून बसलायस का रे? हात जड वाटतोय तुझा."

लेलंडनं कळीवरची बोटं उचलली. थरथर सुरू होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, आणि मोंटानातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यानं ती पकडली होती. त्याला क्लेमचा स्वभाव पुरता माहीत होता. क्लेम आडपडदा ठेवणारा नव्हता. आज हातमोज्याचं विचारलं, उद्या सरळ विचारेल, "या हातानं विमान उडवतोस?" आणि क्लेमशी खोटं बोलायची लेलंडला सवय नव्हती. वैमानिकाचा कायदा तसा साधा आहे. डॉक्टरचा दाखला खिशात असला तरी रोज सकाळी स्वतःच स्वतःला विचारायचं, मी आज उडवण्याजोगा आहे का? लेलंडच्या खिशात अजून दीड वर्ष चालणारा दाखला होता. तो थरथरीच्या आधी मिळालेला. रोज सकाळचा प्रश्न त्यानं विचारायचा सोडून दिला होता. उडवणं थांबलं तर आपल्यात उरतं काय, याचं उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं.

म्हणून त्यानं एक लबाडी केली. आधी संगणकाकडून मोर्स पाठवायला लावला, डाव्या हाताच्या एका बोटानं टंकून. एकेक सूर काटेकोर. क्लेमनं दोन ओळीही ऐकून घेतल्या नाहीत. "हे कोण? मशीन बाजूला कर आणि लेलंडला बसव."

मग लेलंडनं कपाटातून जुन्या कॅसेटी काढल्या. वर्षानुवर्षांच्या गप्पा त्यात टेप केलेल्या होत्या. त्यानं आपल्याच जुन्या हाताचं एकेक अक्षर संगणकावर मोजायला घेतलं. लांब सूर किती रेंगाळतो, नावाआधी किती थांबतो, घाईत कुठं अडखळतो आणि कसा सावरतो, सगळं त्यानं प्रोग्रॅममध्ये घातलं. उभा हिवाळा त्यात गेला; तोवर क्लेमशी कळीवर तो दोन-चार शब्दांतच उरकायचा. मार्चमधल्या एका सकाळी त्यानं एका बोटानं "सुप्रभात क्लेम" टंकलं, आणि रेडिओतून त्याचा स्वतःचा, धडधाकट हात बाहेर पडला.

"ये बाबा!" क्लेम उत्तरला. "काढलास एकदाचा हातमोजा!"

लेलंडला इतका आनंद झाला की तो तळघरातून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. वर पोचल्यावर मात्र त्याला स्वतःची शिसारी आली. आर्लिसनं अर्धा कप पुढं ठेवला होता.

यानंतर उन्हाळा गेला, आणि ऑक्टोबर आला. बिटाचे ट्रक रस्त्यावर माती सांडत जायला लागले. त्या दिवशी लेलंडबरोबर मार्डेल होती. मार्डेल गावातल्या शाळेची बस चालवायची. मुलं मोठी झाल्यावर चाळिशीत विमान शिकायला आलेली, धीट आणि तोंडाळ बाई. लवकरच तिला एकटीला सोडायचं, असं लेलंडच्या मनात होतं.

ती विमान छान खाली आणत होती. धावपट्टी पायाखाली आली, आणि इतक्यात शेजारच्या मक्यातून एक हरणी उडी मारून पट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"विमान माझं!" लेलंड म्हणाला.

"विमान तुमचं!" मार्डेलनं दोन्ही हात कानाशी नेले.

डाव्या हातानं त्यानं इंजिनाचा दांडा पुढं लोटला. इंजिन गरजलं. आता उजव्या हातानं चाक अलगद मागं घ्यायचं, बस्स. हे त्यानं हजारदा केलं होतं. पण उजव्या हाताची मूठ चाकावर आवळली गेली आणि तशीच राहिली. मागं येईना, सुटेना. उलट त्या मुठीनं चाक पुढं दाबून धरलं. लेलंड मनातल्या मनात हाताला सांगत होता, विनवत होता, शिव्या देत होता. 'तुझं' हा एक शब्द उच्चारला असता तरी भागलं असतं. तोही तोंडातून फुटेना.

मार्डेल हात वर करून बसली होती. तिला तसंच शिकवलं होतं. तिनं जमिनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लेलंड?" ती म्हणाली. मग ओरडली, "अहो लेलंड, विमान कुणाचं?"

तेव्हा मार्डेलनं नियम मोडला. दोन्ही हातांनी आपलं चाक धरून तिनं त्याच्या मुठीसकट ते मागं खेचलं. विमान अंग आखडून वर उचललं गेलं, आणि हरणी चाकांखालून निघून गेली.

"विमान माझं," मार्डेल म्हणाली. आवाज कापत होता, हात नव्हते.

बऱ्याच वेळानं लेलंड म्हणाला, "तुझं."

तिनं एक फेरी मारून विमान उतरवलं, एकटीनं, त्याच्या एका शब्दाशिवाय. विमानं ठेवायच्या हँगरसमोर आणून उभं केलं आणि मान खाली घालून म्हणाली, "मी न विचारता घेतलं. चुकलं माझं."

"चुकलं नाही," लेलंड म्हणाला. त्यानं डाव्या हातानं पट्टा सोडला आणि दार उघडलं.

"कुठं निघालात?"

"आता तू एकटी जा. तीनदा उतरवून दाखव."

"आत्ता? आज?"

"आजच."

ती तयार होती हे खरं होतं. पण तो उतरला ते त्यासाठी नाही. त्या खुर्चीत आणखी एक क्षण बसायचं धाडस त्याच्यात उरलं नव्हतं.

मार्डेलनं तीनदा उतरवून दाखवलं. एकदा तर इतकं मऊ की चाकं टेकलेली कळलीच नाहीत. हँगरमध्ये तोवर कॉफी झाली होती, कुणाच्या तरी बायकोनं पाठवलेल्या भोपळ्याच्या वड्या आल्या होत्या, आणि पाच-सहा माणसं जमली होती. मार्डेल विमानातून उडी मारूनच खाली आली.

"ऐका, ऐका!" ती म्हणाली. "समोर हरणी, आणि हे आमचे गुरुजी काय करतात? विमान घेतात आणि पुतळा होऊन बसतात! मूठ अशी आवळलेली! मला वाटलं, गेले हे. आता यांना पुरायला मलाच जावं लागतंय. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परीक्षा घेतायत माझी! बघतायत, ही बया नियम धरून मरते की नियम मोडून जगते!"

हँगर हसण्यानं दणाणला. "जुनी खोड आहे त्याची," मेकॅनिक हार्लन डोळे पुसत म्हणाला. "माझ्या वेळी यानं वर इंजिन बंद केलं आणि डबा उघडून सँडविच खात बसला. मला म्हणतो, मी जेवतोय, तू बघ काय ते!"

सगळे लेलंडकडे बघत होते, आणि लेलंड हसला. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखा हसला. नंतर त्याला सगळ्यात जास्त हेच लागलं. हात दगा देतो, त्याला काय करणार? पण हसला तो स्वतः.

मग शर्टाचा कार्यक्रम. पहिल्यांदा एकट्यानं उडवून आलेल्याच्या शर्टाची पाठ गुरूनं कात्रीनं कापायची, त्यावर नाव-तारीख लिहायची आणि ती भिंतीला ठोकायची, ही रीत. हॅल्व्हरच्या हँगरची अख्खी भिंत अशा पाठींनी भरलेली होती, आणि प्रत्येकीवरचं अक्षर लेलंडचं. मार्डेल जुना, फुलाफुलांचा शर्ट घालून पाठ करून उभी राहिली. हार्लननं कात्री पुढं केली.

लेलंडचा उजवा हात खिशात होता. खिशातलं कापड आतून हलत होतं.

"तूच काप हार्लन," तो म्हणाला. "तूच लिही."

"मी?"

"तू."

हार्लननं कात्रीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. एवढा आडदांड माणूस, पण त्याचे डोळे भरून आले. "मोठा मान दिलास गड्या," तो म्हणाला, आणि कापायला लागला. लेलंडच्या मोठ्या मनाचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

लेलंडला ओरडावंसं वाटलं. मघाशी आपण या बाईला जवळजवळ मारून टाकलं होतं. आणि ही माणसं आपल्याला काही केल्या पकडत नाहीत. हात अडकला तर म्हणतात परीक्षा, कात्री धरवली नाही तर म्हणतात मोठेपणा. इतकं प्रेम करतात की उद्या कुणाला घेऊन मेलो तरी हरणीलाच दोष देतील.

संध्याकाळी आर्लिसनं ओव्हनमध्ये बटाट्याचा हॉटडिश भाजला होता. अर्धा कप त्याच्यापुढं आला. लेलंड कपाकडे बघत बसला आणि म्हणाला, "उद्या सकाळी क्लेमला सांगतो."

आर्लिसचा हात थांबला. एवढंच. "आधी क्लेमला?"

"त्याला सांगावं लागणार नाही. मी नुसता कळीवर बसेन. मशीन बंद करून. त्याला हात ऐकूनच कळेल."

"आणि विमानतळावर?"

"त्यानंतर. आधी एकाला तरी कळू दे गं. मग दुसऱ्यांना सांगायला तोंड उघडेल."

"बरं," आर्लिस म्हणाली. मग खूप दिवसांनी तिनं त्याचा तो हात आपल्या हातात घेतला आणि टेबलावर दाबून धरला. तिच्या हाताखाली तो हलतच राहिला.

सकाळी लेलंडनं संगणकाची वायर उपटून बाजूला टाकली आणि मार्चपासून धूळ खात पडलेली पितळी कळ पुसून पुढं ओढली. मोंटानातून क्लेमची हाक आली. लेलंडनं कळीवर बोटं ठेवली.

पहिल्या अक्षरालाच हात सुटला. एक सूर हवा तिथं चार उमटले. लांब सूर धरून ठेवायला गेला तर त्याचे तुकडे झाले. स्वतःच्या नावाची खूण पाठवली, ती अशी गेली की त्याची त्यालाच वाचता येईना. त्यानं पुन्हा पाठवली. पुन्हा. नावाआधी तो नेहमीसारखा थांबला. निदान ते थांबणं तरी क्लेम ओळखेल.

क्लेमनं प्रश्नचिन्ह पाठवलं. लेलंडनं परत सुरुवात केली. घामानं बोटं कळीवरून घसरत होती. "क्लेम, मी आहे" एवढंच पाठवायचं होतं. दुसरं प्रश्नचिन्ह आलं.

मग क्लेम बोलायला लागला. एकेक अक्षर सुटं करून, सावकाश. असं तो कधी बोलत नसे. लहान मुलाशी बोलावं तसं.

"मित्रा, तुझी खूण वाचता आली नाही. नवीन दिसतोस. लाजू नकोस. सुरुवातीला सगळ्यांचाच हात कापतो. सराव कर, वर्षभरात थांबेल."

लेलंडचं बोट कळीवर तसंच राहिलं.

"आता जरा बाजूला हो," क्लेमनं पुढं पाठवलं. "या वेळी इथं माझा एक दोस्त येतो. थांब आणि त्याला ऐक. हात कसा असावा ते कळेल तुला."

वरून आर्लिसच्या चालण्याचा आवाज येत होता. रेडिओत क्लेम हाका मारत होता, लेलंडच्या नावानं, एकामागून एक. म्हातारा काळजी करत बसेल. शेवटी लेलंडनं वायर उचलली, डाव्या हातानं भोक शोधून खोचली आणि एका बोटानं टंकलं, "सुप्रभात क्लेम."

"आलास!" क्लेम म्हणाला. "आत्ता कुणी बिचारा नवशिका येऊन गेला. ऐकलास का?"

"ऐकला," लेलंडनं टंकलं. आता काय ते खरं सांगायचं. हात खोटा असला तरी शब्द खरे असतील. एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं, "क्लेम, मी उडवणं सोडतोय. माझा हात गेला."

रेडिओतून त्याचा जुना हात निघाला. लांब सूर शेवटी जरासा रेंगाळला.

क्लेमचं हसणं मोर्समध्येही कळायचं. तो दोन आखूड सूर परत परत वाजवायचा. ते आता वाजत होते.

"हात गेला?" क्लेम म्हणाला. "मी ऐकतोय ना रे, म्हाताऱ्या. बहिरा असलो तरी इतका नाही. पंचवीस वर्षांत इतका सुरेख कधी नव्हता तुझा हात. जा, उडव."

लेलंडनं टंकणं थांबवलं. उजवा हात त्यानं टेबलावर ठेवला होता. बोटं लाकडावर वाजत होती, आखूड, आखूड, लांब, लांब. त्यात एखादं अक्षर लागतंय का म्हणून तो कान देऊन ऐकत राहिला. लागत नव्हतं.

तो वर आला तेव्हा आर्लिस ओट्याशी उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हात सुरेख आहे."

आर्लिसनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप भरायची थांबली. मार्डेलचा धडा दहाला होता. लेलंड भिंतीवरच्या फोनपाशी गेला, त्यानं तो डाव्या हातानं उचलला आणि कानाशी धरून उभा राहिला.

"हार्लनला लाव," तो म्हणाला. "त्यालाच सांगतो. नंबर तू फिरव."